भुंग्याचा जिना

३० नोव्हेंबर

ताई, नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि ही गोष्ट पुरी सांगितल्याशिवाय कळणार नाही. आधी बसून घे.

माझ्यावर भाषण करायची वेळ आली आहे. हसून झालं की पुढे वाच.

माझं कामाचं ठिकाण तू पाहिलं आहेस. खाली दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, वर दुसऱ्या मजल्यावर माझी कवळ्या बनवायची खोली. लिफ्ट नाही. येणारा प्रत्येक जण लाकडी जिना चढून येतो, आणि दिवसभर मेणाच्या हिरड्यांत दात बसवत मान खाली घालून बसणाऱ्या माणसाला कानांशिवाय दुसरी करमणूक नसते. त्यामुळे कोण येतंय ते मला दार उघडायच्या आधीच कळतं.

कंडक्टरबाई माझं जुनं गिऱ्हाईक. नव्वदी ओलांडली आहे. उभा जन्म ट्रामवर कंडक्टर होत्या. आवाज अजून असा की त्यांनी नुसतं "कसे आहात" म्हटलं तरी माणूस पुढच्या स्टॉपवर उतरायला उठतो. गेल्या महिन्यात नवी कवळी न्यायला आल्या तेव्हा मी पाठमोरा होतो. म्हटलं, "या कंडक्टरबाई. आज डावा गुडघा दुखतोय वाटतं."

त्या दारातच थांबल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"पावलांवरून."

त्या खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. हे इतकं नवलाचं होतं की मी घाबरून त्यांना पाणी दिलं.

तुला मागे सांगितलं होतं, त्या ज्यू आहेत. लहानपणी त्यांचं सगळं घर नाझींनी नेलं, त्या एकट्या वाचल्या. नाझींनी मारलेल्या लोकांची इथे दर जानेवारीत स्मरणसभा असते. दरवर्षी कंडक्टरबाई बोलतात आणि सभागृह रडतं. यंदा त्यांनी समितीच्या सचिवांना कळवलं, "नव्या कवळीने बोलताना शिट्टी वाजते. मी बोलणार नाही. ज्याने कवळी केली तोच बोलेल."

ताई, माझी कवळी शिट्टी वाजवत नाही! मी त्यांना तसं स्पष्ट म्हटलं. तर म्हणाल्या, "मला ठाऊक आहे हो. पण सचिवांना काहीतरी कारण द्यायला हवं होतं." आता खालचे डॉक्टरसुद्धा मला विचारतात, काय हो, माप चुकलं का?

मी ना त्यांच्या धर्माचा, ना नात्याचा. देवापुढे बसतो तेव्हाही मनातल्या मनात बोलणारा माणूस मी. नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्या अर्धा जिना उतरल्या होत्या.

तू एवढी वर्षं शाळेत मुलांना वक्तृत्वासाठी घोटून तयार केलंस. एक भाषण लिहून दे. मी पाठ करीन.

तुझा धाकटा


८ डिसेंबर

गंभीरराव, आशीर्वाद.

हसून अजून झालेलं नाही, पण तुझे भावोजी म्हणाले, आता उत्तर लिही, नाहीतर तो बिचारा तिकडे बसून राहील.

तुझं आजवरचं एकमेव भाषण मला चांगलं आठवतं. चौथीत होतास. "माझे आवडते" एवढं म्हणालास, पुढचं विसरलास, वाकून नमस्कार केलास आणि जागेवर जाऊन बसलास. त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या तुलाच पडल्या. म्हणजे गुण आहेत, फक्त शब्द नाहीत. ते मी पाठवते आहे.

सोबतचं भाषण नीट पाठ कर. "इतिहासाच्या काळ्याकुट्ट पानांवर रक्ताने लिहिलेली ही गाथा" इथे उजवा हात वर. "मानवतेचा विझलेला दीपस्तंभ" इथे नजर लांब, शेवटच्या रांगेच्याही पलीकडे. त्यानंतर आवाज खाली आणायचा, इतका की लोकांनी पुढे वाकलं पाहिजे. आणि शेवटच्या वाक्याला एकदम चढवायचा. असल्या भाषणांवर माझ्या शाळेतल्या मुलींनी ढाली आणल्या आहेत. दगडालाही पाझर फुटेल.

फक्त एक सांग. एवढी शिकलेली, बोलकी माणसं सोडून त्या बाईंनी तुलाच का धरलं? तू विचारलंस का? नसणारच. तुला कोणी विहिरीत उडी मार म्हटलं तर तू फक्त कपडे कुठे ठेवू एवढं विचारशील.

वहिनीला आठवण सांग. तिला म्हणावं, आरशासमोर सराव करताना याला हसू नकोस, मागून हस.

ताई


१७ डिसेंबर

ताई,

भाषण मिळालं. रागावू नकोस, सगळं सांगतो.

कंडक्टरबाई कवळीची एक कड घासून घ्यायला आल्या होत्या. कवळी माझ्या हातात, म्हणजे त्यांना मध्ये बोलता येणार नाही, असा धूर्त विचार करून मी तुझं भाषण वाचायला घेतलं. हातवाऱ्यांसकट. दीपस्तंभापर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी हात पुढे केला, कवळी घेतली, तोंडात बसवली आणि म्हणाल्या, "भाषण छान आहे. पण यात माझा भाऊ कुठे आहे?"

मग मी विचारलं. तू म्हणालीस तेच विचारलं, मीच का?

त्यांचा धाकटा भाऊ होता. घरात त्याला भुंगा म्हणत, कारण तो एका जागी बसायचा नाही. ते एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत. भुंग्याला एक विद्या येत होती. इमारतीतला प्रत्येक माणूस जिना कसा चढतो ते तो तळहातांनी टेबलावर वाजवून दाखवायचा. जेवणं झाली की आई, वडील, बहीण ओळखायला बसत. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांना कायम घाई, दोन दोन पायऱ्या एकदम, आणि मग बॅग विसरली म्हणून परत खाली. तिसऱ्या मजल्यावरची जाडी काकू प्रत्येक वळणावर दम खायला थांबायची, पण दमलो असं कळू नये म्हणून तिथे उभी राहून एप्रनने कठडा पुसायची. तो पुसण्याचा आवाजसुद्धा भुंगा काढायचा. घरमालक काठी टेकत यायचे. जिन्यात ओले कपडे वाळत घातलेले त्यांना खपायचे नाहीत. एकदा भुंग्याने टेबलाखाली बसून घरमालक वाजवले. आई धावत बाहेर गेली, दोरीवरचे सगळे ओले कपडे कवेत घेऊन आत आली, नखशिखांत भिजली, आणि जिन्यात कोणीच नाही!

हे सांगताना कंडक्टरबाई माझ्या कामाच्या टेबलावर वाजवून दाखवत होत्या. मेणातले दात उड्या मारत होते.

मग त्या थांबल्या. एका संध्याकाळी तो काकू वाजवत होता. वडिलांनी एकदम म्हटलं, "भुंग्या, पुरे. हे कोण? असं कोणी चढत नाही आपल्याकडे." आणि भुंग्याने दोन्ही हात वर करून दाखवले. तो वाजवत नव्हता. बूट खरंच जिन्यावर होते. आईने कंडक्टरबाईंना स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या गच्चीवर ढकललं. भुंग्याला ढकलायला वेळ मिळाला नाही.

म्हणाल्या, "दरवर्षी मी एवढंच सांगते. ते वर केलेले हात. लोक रडतात, घरी जातात. त्यांना वाटतं माझा भाऊ म्हणजे ते वर केलेले हात. अहो, त्याला पाहून माणसं हसायची! काकू स्वतः हसायची. मला मरायच्या आधी एकदा त्या सभागृहाला माझ्या भावामुळे हसलेलं ऐकायचं आहे. मी बोलायला उभी राहिले की लोक आधीच रुमाल काढतात. तुम्ही पावलं ऐकता. तुम्ही वाजवा. आणि बुटांचं काही सांगू नका."

ताई, म्हणजे मला लोकांना हसवायचं आहे. मी. स्मरणसभेत. मी विनोद सांगितला की आपल्या घरात लोक एकमेकांकडे बघून "झाला का?" विचारतात, हे तुला मी सांगायला नको.

काय करू?

धाकटा


२६ डिसेंबर

धाकट्या,

आज गंभीरराव म्हणत नाही, कारण आज मीच गंभीर आहे.

तुझं पत्र मी भावोजींना वाचून दाखवलं. ओल्या कपड्यांपाशी दोघंही हसलो, आणि पुढचं भावोजींनी वाचून संपवलं. ते पोर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दीपस्तंभ मी मागे घेते. तू तो फेकला नसशील, तुझा स्वभाव नाही. तर माझ्याकडून फेकून दे.

पण एक गोष्ट मला पटत नाही, आणि मला पटली नाही की मी बोलते. हसव. जमलं तर खुशाल हसव. पण बूट वगळायचे नाहीत. तू लोकांना भुंग्यावर हसवून खाली बसलास, आणि त्याला कोणी मारलं, कशासाठी मारलं, हे सांगितलं नाहीस, तर ते पोर जणू तापाने गेलं असं होईल. मारणारे सुटतील रे. सभागृहात शाळेची मुलं असतील, त्यांना घरी गेल्यावर काय आठवेल? जिन्याची गंमत? मी मास्तरीण आहे, मला माहीत आहे. मुलांना गोड तेवढं लक्षात राहतं.

त्या बाईंना दुखवू नकोस. पण त्यांना हे विचार. तुझ्या तोंडून निघत नसेल तर हे पत्रच वाचून दाखव. माझ्यावर रागावल्या तर रागावू देत, मी लांब आहे.

ताई


६ जानेवारी

ताई,

पत्र वाचून दाखवलं. कंडक्टरबाईंनी बुटांचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "तुमची बहीण बरोबर आहे. म्हणून तर तिचा राग येतोय." आणि लगेच म्हणाल्या, "सांगा. पण ते बूट वाजवायचे नाहीत. भुंग्याने ते कधी वाजवले नाहीत. त्याच्या जिन्यावर ते नाहीत." मी म्हटलं, नाही वाजवणार. आमचं एवढंच ठरलं आहे. शब्द अजून सापडलेले नाहीत.

मध्ये सचिव येऊन गेले. माणूस भला आहे. टोपी हातात घेऊन उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "तुमच्याबद्दल मनात काही नाही. पण त्या दिवशी जी माणसं येतात त्यांना वर्षात तेवढा एकच दिवस मिळतो. त्यांना रडू द्या हो. तिथे टेबल बडवलं आणि कोणाचं मन दुखावलं तर?" मलाही तीच भीती आहे. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मी म्हटलं, "कंडक्टरबाई आल्या." सचिवांनी टोपी घातली. कंडक्टरबाईंनी दारातूनच सांगितलं, "हे बोलणार नसतील तर मीही येणार नाही, आणि न येण्याचं कारण प्रत्येकाला वेगवेगळं सांगीन." सचिव उतरून गेले. फार हळू उतरले, ताई. त्यांच्या पावलांत राग नव्हता, काळजी होती.

सराव चालू आहे. त्यामुळे घराचं आणि धंद्याचं वाटोळं होत आहे. ही म्हणते, जेवताना हात ताटाबाहेर दिसले तर वाढणार नाही. परवा खालचे डॉक्टर वर आले, "वर सुतार ठेवलाय का? ठोकाठोक ऐकून माझा पेशंट तोंड उघडत नाहीये." मी माफी मागितली आणि म्हटलं, या, बसा, हे कोण ओळखा. त्यांनी ऐकलं. "पोलीस?" म्हणाले. मी जाडी काकू वाजवत होतो.

सकाळी देवापुढे बसलो तर बोटं मांडीवरच जिना चढू लागली. हात जोडले की गप्प, सोडले की चालू. शेवटी देवालाच म्हटलं, तूच बघ आता. दुसऱ्याचं दुःख म्हणजे काठोकाठ भरलेलं भांडं आहे. ते मला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचं आहे. सांडायचं नाही, आणि वाटेत आपण प्यायचंही नाही.

हसवायचं कसं तेवढं सांग. आपल्या घरात ते तुलाच येतं.

धाकटा


१४ जानेवारी

गंभीरराव,

हसवायचं कसं? हे म्हणजे शिंकायचं कसं असं विचारल्यासारखं झालं. तरी सांगते, कारण तू विचारलंस आणि मी न सांगितलेलं तुला आवडणार नाही.

हसू मागायचं नसतं. "आता मी तुम्हाला एक गंमत सांगतो" असं म्हणालास तर मी तिकडे येऊन तुझा कान धरीन. तू हसू नकोस. हे तुला जड जाणार नाही. मी माझ्या मुलांना शिकवलं ते सगळं तू विसर. हात, नजर, चढवणं, उतरवणं, काही नको. तू हिरड्यांबद्दल बोलतोस ना, "वरची डावी बाजू जरा घासावी लागेल", अगदी त्याच आवाजात बोल. काकू कशी थांबायची, डॉक्टर कसे परत फिरायचे, घरमालकांची काठी. आधी वाजव, मग कोण ते सांग. उलट नको. आणि वाजवून झाल्यावर थांब. तुझी अडचण अशी की तू थांबलास की तुला वाटतं आपण विसरलो. तू विसरलेला नसशील. थांब.

आणि बूट. मी त्यावर विचार केला. मी सांगितलं म्हणून ते भाषणात येत आहेत, तेव्हा जबाबदारी माझीही आहे. तिथे एकही विशेषण वापरू नकोस. काळं नको, क्रूर नको, भीषण नको. कोणी, कोणाला, कुठे नेलं, काय केलं. बस्स. मास्तरीण असून सांगते, तिथे भाषा वापरू नकोस.

यायचं फार मनात होतं. भावोजींचा पाय मुरगळला आहे. काल मी स्वयंपाकघरात होते, बाहेरून ते लंगडत आले. मी न बघता म्हटलं, "काठी न घेता चाललात ना?" तर म्हणाले, "भावाची साथ तुलाही लागली का?"

सभा झाल्या झाल्या लिही. त्याच दिवशी. उभ्या उभ्या.

ताई


२८ जानेवारी

ताई,

काल झालं. फसलं.

मी काकू वाजवली. तू सांगितलंस तसं थांबलो. एक माणूस हसला नाही. पहिली रांग उठून उभी राहिली. मग दुसरी, मग सगळं सभागृह. माना खाली घालून. त्यांना वाटलं, हा काही विधी आहे. ताई, मी दम खायला थांबलेली काकू वाजवली आणि लोकांनी तिला मानवंदना दिली.

नंतर हसले ते माझ्या फजितीला. पुढे जे बोलायचं ते बोललो. शेवटी कोणी टाळी वाजवली नाही. चौथीतसुद्धा वाजवली होती. मी हिला घेऊन बाजूच्या दाराने निघालो, सचिवांकडे बघायचं धाडस झालं नाही. कंडक्टरबाईंनी आयुष्यात एक गोष्ट मागितली होती.

आज त्या आल्या नाहीत. जिन्याकडे कान लावून बसलो आहे.

जास्त लिहवत नाही.

धाकटा


२ फेब्रुवारी

कंडक्टरबाईंना नमस्कार.

मी तुमच्या कवळीवाल्याची मोठी बहीण. आपली ओळख नाही, पण तुम्ही माझ्यावर एकदा रागावला आहात, तेव्हा अगदीच परक्या नाही.

माझ्या भावाने लिहिलं की सभा फसली. तो खोटं बोलत नाही, पण स्वतःबद्दल त्याची साक्ष कोणी ग्राह्य धरू नये. लहानपणी परीक्षेत पहिला आला तरी घरी येऊन "एक उत्तर चुकलं" एवढंच सांगायचा. फोन केला तर "हं" आणि "नाही" यापुढे जात नाही. वहिनी म्हणते, तो कोणाशी बोलत नाही, काम करतो आणि जिना ऐकतो.

तुम्ही पहिल्या रांगेत होतात. जे झालं ते मला कळवाल का? फसलं असेल तर तसंच लिहा. मी त्याला समजावीन. पण आधी मला खरं कळलं पाहिजे.

आणि खरोखरच फसलं असेल तर त्याला माफ करा. बूट सांगायचा हट्ट माझा होता.

आपली,
कवळीवाल्याची ताई


१२ फेब्रुवारी

ताईबाई,

तुम्हाला ताईबाईच म्हणते. वयाने मी तुमची आई शोभेन, पण जी बाई न भेटता मला दोनदा खरं बोलायला लावते तिला नुसतं ताई म्हणवत नाही.

उत्तराला उशीर झाला, सर्दीने अंथरूण धरलं होतं. जिना चढणं मना होतं. तुमचा भाऊ तिकडे जिना ऐकत बसला असेल हे मला माहीत असतं तर मी रांगत गेले असते.

आता ऐका.

सचिवांनी त्याची ओळख अशी करून दिली की जणू एखाद्याला ऑपरेशनला आत नेत आहेत. तो उभा राहिला. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. त्याने काकू वाजवली. ताईबाई, ती काकू होती! वळणावर थांबली, कठडा पुसला, निघाली. मी डोळे मिटले आणि मला आमच्या जिन्याचा वास आला. डोळे उघडले तर सगळं सभागृह उभं, माना खाली. आणि तुमचा भाऊ टेबलावर हात तसेच ठेवून, अभ्यास न केलेल्या मुलासारखा त्यांच्याकडे बघतोय.

मला हसू फुटलं. मी ट्रामच्या घंटेच्या वर आवाज काढलेली बाई आहे, माझं हसू काही रुमालात मावत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि तुमच्या भावाने, दात मोजतानाचा त्याचा जो चेहरा असतो ना, त्याच चेहऱ्याने माईकमध्ये सांगितलं, "बसून घ्या. काकूंना अजून एक मजला चढायचा आहे."

तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटलं, लोकांना ताटकळत ठेवू नये. पण सभागृहाचं जे हसू फुटलं! आधी माझ्या मागच्या रांगेत कोणीतरी नाकातून हसलं, मग शाळेची मुलं, मग सगळेच. हसत हसत खाली बसले. त्याला वाटलं, आपल्या फजितीला हसतायत. मी सांगते तुम्हाला, ते काकूला हसत होते. त्याने पुढे डॉक्टर वाजवले. मग घरमालक, आणि माझी आई ओल्या कपड्यांचा ढीग कवेत घेऊन उभी. सचिव! सचिव डोळे पुसत हसत होते. माझ्या भावामुळे.

मग त्याने हात पाठीमागे घेतले. म्हणाला, "भुंगा नऊ वर्षांचा होता. एका संध्याकाळी नाझी सैनिक जिना चढून आले. त्यांनी त्याला आणि त्याच्या आईवडिलांना छावणीत नेलं आणि विषारी वायूने मारलं. ते ज्यू होते म्हणून. काकूंना आणि डॉक्टरांनाही मारलं. असे लाखो लोक मारले. जे न्यायला आले त्यांची पावलं मी वाजवणार नाही. मी आज भुंग्याचा जिना वाजवायला आलो होतो." एवढं बोलला आणि खाली बसला.

टाळ्या नाहीत, हे खरं. टाळ्या वाजवायला हात मोकळे नव्हते हो लोकांचे. कोणी तोंडावर धरले होते, कोणी शेजाऱ्याच्या हातात. आणि हा बायकोला घेऊन बाजूच्या दाराने पसार! पुढचं त्याने पाहिलंच नाही.

आमच्यात एक म्हातारा घड्याळजी आहे. दरवर्षी येतो, शेवटच्या खुर्चीवर बसतो, एक शब्द बोलत नाही. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, त्याचं कोण गेलं हेही मला माहीत नव्हतं. तो पुढच्या खुर्चीच्या पाठीवर बोटांनी काहीतरी वाजवायला लागला. हळू, एक पाय जरा ओढत. त्याच्या शेजारणीने विचारलं, "कोण?" तो म्हणाला, "आई." मग त्या शेजारणीने आपल्या पर्सवर वाजवलं, भरभर, उड्या मारल्यासारखं. "माझी थोरली बहीण." मग काय विचारता. कोणी भिंतीवर, कोणी काठीने जमिनीवर. ज्यांनी आपल्या माणसाला पाहिलंही नव्हतं, ते म्हणत होते, माझी आई सांगायची, माझे आजोबा असे चालायचे. शाळेची मुलं या म्हाताऱ्यांपुढून हलेनात, "हे कोण? आणि हे?" म्हणून विचारत राहिली. रखवालदाराने दिवे घालवले आणि परत लावले. सचिवांनी त्याला सांगितलं, "जरा थांबा, अजून माणसं येतायत."

तेव्हा तुमच्या भावाला कळवा. मी सांगायला गेले तर म्हणेल, कंडक्टरबाई माझं मन राखतायत. तुमचं तो ऐकतो.

आता एक तक्रार. त्याने डॉक्टर चुकवले. आमचे डॉक्टर बॅग विसरली की वळणावरून परत फिरायचे. याने वळण यायच्या आधीच फिरवले. पहिल्या रांगेत बसून मी ते ऐकलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "भुंग्या, लक्ष कुठे आहे तुझं? पुन्हा वाजव."

असं म्हणून गेले, आणि मग माझ्या ध्यानात आलं. इतकी वर्षं मी त्याच्यासाठी नुसती रडत आले. त्या दिवशी मी त्याला रागावले.

कंडक्टर